अर्धा तास ताठ

बालामणी चाळीस वर्षं माझ्या शेजारी राहिली आणि त्यातली पस्तीस-छत्तीस वर्षं तरी मी तिला ताठ बसलेली पाहिली नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि त्यावर वाकून विड्या वळणारी बालामणी. कुणी बोलायला आलं तर मान वर करायची नाही, नुसते डोळे वर करायची. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्याकडे संशयानं बघते. त्याला बरोबरच वाटायचं.

आमची चाळ सोलापूरच्या पूर्व भागात. भिंतीला भिंत लागून खोल्या, एकीत शिंक आली तर दुसरीत कळावं अशा. मी करकंबची. नवरा गिरणीत होता म्हणून सोलापूरला आले. पुढं गिरणी बंद पडली आणि नवराही गेला, तेव्हापासून कडक भाकऱ्या करून विकते. बालामणी तेलुगू. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मला ती ‘एमे’ म्हणायची. त्यांच्यात ‘अगं’ला तसं म्हणतात. नावानं हाक मारली की मी समजायची, आता काहीतरी गळ्यात पडणार.

विडी कारखान्यात रोज माल द्यायला जावं लागतं. तिथं चेकर बसलेला असतो. तो विड्यांची जुडी उचलतो, फिरवतो, नखानं दाबतो आणि जी विडी पसंत नाही ती बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. दिवसभर वळलेली विडी छाटात गेली की ती मेहनत फुकट, आणि वर तो माणूस तुमच्याकडे असं बघतो की तुम्ही त्याच्या खिशात हात घातलाय. बालामणीनं हे एवढी वर्षं सोसलं आणि त्याचा सूड बाकीच्या जगावर घेतला. भाजीच्या गाडीवर ती वांगी घ्यायची नाही, तपासायची. उचलून फिरवून नखानं दाबून बाजूला ठेवायची. तिच्या मुलाला, सिनूला, बघायला पाहुणे आले तेव्हा मुलीच्या बापाचीही तिनं तशीच तपासणी केली, फक्त नख लावलं नाही. माझ्या भाकरीला तिनं कधी चांगली म्हटलं नाही. एक तुकडा कानाजवळ नेऊन मोडायची, त्याचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, “छाट न्हाय.” हीच तिची शाबासकी.

तिचा नवरा टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता, तो लवकर गेला. मुलगा श्रीनिवास, म्हणजे सिनू, भिवंडीला मागावर गेला आणि तिकडचाच झाला. बालामणी एकटी राहिली. तिचं त्यावाचून काही अडलं नाही. पहाटे उठून मिश्री लावायची, मग चहा, मग सूप. दुपारी तोंडात तंबाखूची चिमूट आणि चुना. शनिवारी उपास, कारण शनिवार त्यांच्या व्यंकटेश्वराचा. त्या दिवशी आंघोळ करून देवाची पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. पूजा झाली की तळहातावर चमचाभर तीर्थ, मग फोटोपुढं फरशीला डोकं टेकून नमस्कार, आणि मग दिवसाची सुरुवात.

ती आखूड होत चालली हे आधी मला कळलं. तिच्या दारामागं एक खुंटी होती, पिशवी अडकवायची. एक दिवस ती त्या खुंटीखाली टाचा उंच करून उभी.

“एमे, ही खुंटी कुणी वर केली?”

“भिंतीतली खुंटी कोण वर करंल?”

“मग फरशी खाली गेली. घरमालकाला सांग.”

घरमालकाला काय सांगायचं, की तुमची फरशी बुडाली म्हणून? मी स्टूल आणून पिशवी काढून दिली. नंतर बघते तर तिची लुगडीही लांब व्हायला लागलेली. कमरेला खोचून खोचून पोटाशी गोळा व्हायचा. तरी दोष कापडाचा. आजकाल पन्हा जास्ती ठेवतात, म्हणायची.

मग एकदा मोरीत घसरली आणि हात टेकला, तर मनगट मोडलं. दवाखान्यात जा म्हटलं तर गेली हाडवैद्याकडं. त्यानं अंड्याचा लेप लावला, पट्ट्या बांधल्या आणि काय मंत्र म्हणायचा तो म्हटला. हात बरा झाला, पण वाकडा. मी म्हटलं, “वाकडा जोडलाय की.” ती म्हणाली, “विडी वाकडी येत न्हाय ना?” आणि खरंच, त्या वाकड्या मनगटानं ती सरळ विड्या वळायची. चेकरला काही दिसलं नाही.

पण सिनूला दिसलं. दिवाळीला आला, हात बघितला आणि म्हणाला, “आई, अजून एकदा पडलीस की मी येऊन घेऊन जाणार. हितं तुला कोण बघणार?”

मी तिथंच बसले होते. मला त्यानं हिशेबात धरलंच नाही. राग नाही आला, मीही मला धरलं नसतं.

बालामणी भिवंडीला घाबरायची असं नाही. ती घाबरायची चादरीला. त्याचं असं झालं होतं की आमच्या समोरच्या खोलीतली लिंगव्वा संडासाच्या पायरीवर पडली आणि तिचा खुबा मोडला. रिक्षात बसता येईना, म्हणून चौघांनी चादरीत घालून, चार टोकं धरून तिला चाळीबाहेर काढलं. सोलापुरी चादर मजबूत असते, त्यात शंका नाही. लिंगव्वा आतून ओरडत होती आणि बाया दोन्ही बाजूंनी उभ्या राहून बघत होत्या, मीही होते. तिची लेक तिला जेऊरला घेऊन गेली. ती परत आली नाही, तिची फक्त बातमी आली. तेव्हापासून बालामणी म्हणायची, “मी जाणार तवा चालत जाणार. चादरीत न्हाय.” एवढीच तिची अट होती. देवाला आणि सिनूला दोघांना घातलेली.

पुढं आमच्या भागात हाडांचं शिबिर झालं. हॉलमध्ये खुर्च्या, समोर हार घातलेला कुणाचा तरी फोटो, भाषण आणि बिस्किटं. भाषणाचा सारांश असा की म्हातारपणी बायकांची हाडं पोकळ होतात. हे सांगायला एक पुरुष आणला होता. मग एकेकीचा पाय एका यंत्रात घालून आकडा काढून देत होते. बालामणीनं पाय घालण्याआधी यंत्राला नख लावून बघितलं.

आमच्या दोघींत शिकलेली मी, चौथी पास. म्हणून कागद माझ्याकडं. आकड्याच्या आधी वजाची खूण होती.

“वजा म्हंजे?”

“कमी.”

“किती कमी?”

मी शाळेत वजाबाकी शिकले, पण शून्याच्या खाली काय असतं हे आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं. त्याआधीच आईनं शाळेतून काढून शेळ्यांमागं लावलं. तिथली एक मुलगी म्हणाली, “आजी, हाडं फार ठिसूळ झालीत. मोठी तपासणी करा.” बालामणीनं तिच्याकडं डोळे वर करून बघितलं आणि मला म्हणाली, “छाटात काढलं बग आपल्याला.”

आपल्याला म्हणाली, कारण मीही पाय घातला होता. माझाही आकडा वजाचाच निघाला, तिच्याहून थोडा बरा. मी कागदाची घडी केली आणि घरी येऊन पिठाच्या डब्याखाली सारली. माझं काही दुखत नव्हतं. आणि दुसऱ्याच्या दुखण्यात डोकं घालायला मला पुरेसा वेळ होता.

मोठी तपासणी झाली. डॉक्टर म्हणजे एक बारकी पोरगी, चष्मा घातलेली. मला वाटलं, ही हाडं काय जोडणार, हिला फुंकर मारली तर उडेल. पण ती शांत होती. तिनं फोटो लावून दाखवला. पाठीचा एक मणका दबून पाचरीसारखा झाला होता.

“कुणी दाबला?” बालामणीनं विचारलं.

“कुणी नाही आजी. हाड विरलं की आपोआप दबतं. तुमची उंची कमी झाली असेल.”

मला खुंटी आठवली. बालामणीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच घरमालक.

मग डॉक्टरबाईनं रस्ते सांगितले. कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पावडर तर घ्यायचीच, शिवाय तीनपैकी एक औषध. एक, आठवड्यातून एक गोळी. दोन, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. तीन, रोज पोटावर सुई, स्वतःच्या हातानं टोचून घ्यायची, दीड-दोन वर्षं.

“काहीच केलं न्हाय तर?”

“तर पुढचं हाड कधी मोडेल सांगता येत नाही.”

“सांगता येत न्हाय, तर मोडणारच कशावरनं?”

“मनगट मोडलं, मणका दबला. आता खुबा राहिलाय, आजी.”

खुब्याचं नाव काढलं आणि बालामणीनं वाद सोडला. तिला चादर दिसली असणार.

घरी आल्यावर चाळीतल्या सगळ्या बायका डॉक्टर झाल्या. एक म्हणाली नाचणी खा, दुसरी डिंकाचे लाडू, तिसरी म्हणाली गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात. हे ऐकून बालामणी खूश झाली. “चुना मी एवढी वर्सं तंबाखूत खातेच की. मग हाडात का गेला न्हाय?” तिसरी ताक मागायला आली होती ते घेऊन गेली. हाडवैद्य वाटेत भेटला, तो म्हणाला तेल लावा. त्याला तिनं आपलं वाकडं मनगट दाखवलं आणि म्हणाली, “आधी हे सरळ कर, मग तेल.”

सुईला तिनं नाही म्हटलं. स्वतःला रोज भोसकायचं कशाला, शेजारीण आहे की, असं म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. सलाईनला त्या डॉक्टरबाईनंच अट घातली. आधी दात दाखवून या. कुजके दात असतील तर काढून, जखम भरल्यावरच ते औषध देता येतं, नाहीतर क्वचित जबड्याला त्रास होतो. बालामणीच्या तोंडात तेव्हा आठ-नऊ दात होते, मिश्रीनं काळे झालेले, दोन तर हलत होते. पण त्या हलत्या दातांनीच ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. दात की पाठ, असा प्रश्न आला. तिनं दात ठेवले आणि गोळी निवडली.

गोळीबरोबर कागद दिला होता, मराठीत. मी मोठ्यानं वाचला. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, ताठ बसायचं. आठवड्याचा एकच ठरलेला वार.

“रिकाम्या पोटी ना? मग शनवार,” बालामणी म्हणाली. मलाही ते पटलं. दोन शहाण्या बायकांनी मिळून ठरवलं म्हटल्यावर चूक कशी होणार.

चार-पाच शनिवार गेले. मग तिची छाती जळायला लागली. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पाणीसुद्धा अडकतंय म्हणाली. मी विचारलं, गोळी नीट घेतेस ना. तर म्हणाली, एकदम नीट. म्हणून पुढच्या शनिवारी मी जाऊन बघितलं.

आंघोळ झाली, पूजा झाली. मग बाईनं गोळी देवापुढच्या ताटलीतून उचलली. हो, ताटलीत ठेवली होती, तुळशीच्या पानाशेजारी. ती जिभेवर ठेवली, वर चमचाभर तीर्थ घेतलं आणि गिळली. आणि मग देवाला नमस्कार म्हणून फरशीवर पालथी झाली, कपाळ टेकलं, आणि तशीच राहिली. सिनूसाठी, सुनेसाठी, नातवंडांसाठी, प्रत्येकासाठी वेगळं मागत होती बहुतेक. वेळ लागला.

“पेलाभर पाणी कुठं हाय?” मी विचारलं.

“शनवारी देवाला नमस्कार झाल्याबिगर पाणी पीत न्हाय.”

“आन् वाकायचं न्हाय म्हणून वाचलं होतं ते?”

“माणसापुढं वाकायचं न्हाय. देवापुढं चालतं.”

कागदात तसं काही लिहिलेलं नव्हतं. आणि जेवायचं कधी, म्हटलं, तर संध्याकाळी. तिनं सरळ हिशेब केला होता की रिकाम्या पोटाचं औषध आहे, तर पोट जेवढं जास्त रिकामं तेवढं औषध जास्त लागणार.

डॉक्टरबाईला हे मी सांगितलं. त्या पोरीनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं भाजलंय, म्हणाली. महिनाभर गोळी बंद, पोटाचं औषध सुरू. वर म्हणाली, “आता सलाईनच घ्या आजी.” बालामणीनं तोंड मिटून घेतलं, दात आत. शेवटी पोरगी म्हणाली, “बरं. घसा बरा झाल्यावर गोळी एकदा नीट घेऊन बघू. पण समोर कुणीतरी बसायला पाहिजे.”

“कौसल्या बसंल की,” बालामणी म्हणाली.

बघा. नावानं हाक मारली.

वार बदल म्हटलं तर तयार नाही. शनिवार म्हणजे शनिवार. मग देवाचं काय करायचं, यावर तिनं दोन दिवस विचार केला आणि वाट काढली. शनिवारी पहाटे उठून तिनं नवऱ्याच्या मागावरचा जुना टॉवेल काढला आणि व्यंकटेश्वराच्या फोटोवर टाकला.

“हे काय?”

“देव अजून झोपलाय. त्याच्याआधी पाणी पिलं असं होत न्हाय.”

देवाला कुणी टॉवेल टाकून झोपवताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण पेलाभर पाणी पोटात गेलं, हे खरं.

आणि मग तो अर्धा तास. तिला भिंतीला टेकवून बसवायचं आणि मी समोर घड्याळ घेऊन बसायचं. ताठ बसणं म्हणजे काय हे तिच्या पाठीला माहीतच नव्हतं. डोकं भिंतीला टेकलं की कंबर सुटायची, कंबर टेकली की खांदे पुढं यायचे. मी उशी घातली, पाट लावला. पाच मिनिटांनी तिचे हात मांडीवर आपोआप चालायला लागायचे. सूप नसायचं, पान नसायचं, पण बोटं वळत राहायची.

“किती झालं?”

“सात मिन्टं.”

“घड्याळ बंद पडलंय.”

“तूच बंद पडशील आडवी झालीस तर.”

“एमे, एक विचारू? तू एवढी बसतीस माझ्यापुढं, तुला कुणी बसवत न्हाय का?”

“मला काय झालंय?”

तिनं डोळे वर करून बघितलं. मानही वर होती आता, ताठ बसली होती ना. तिनं माझ्याकडं सरळ बघितलेलं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते मला फारसं आवडलं नाही.

त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढ्या बोललो तेवढ्या आधीच्या सगळ्या वर्षांत बोललो नव्हतो. म्हणजे बोलायची ती, मी घड्याळ बघायची. विडीचं पान हातात घेतलं की कळतं, किती दिवसांचं आहे, कुठं फाटेल, असं ती सांगायची. सुकलं पान दाबलं की तुटतं, ओलं पान वळतं. “आपण सुकलो,” म्हणायची. “पानाला पाणी मारता येतं. हाडाला ही गोळी.” असं काही ती फार सहज म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात चाळीतल्या कुणाच्या तरी सुनेला छाटात काढायची, त्यामुळे मनाला लावून घ्यायची वेळ यायची नाही. अर्धा तास झाला की मी “झालं” म्हणायची. ती उठून देवावरचा टॉवेल काढायची आणि म्हणायची, “उठ रे बाबा.”

सात-आठ महिने चाललं. मग जळजळ परत सुरू झाली. डॉक्टरबाई म्हणाली, आता गोळी नको, बास. राहिली सलाईन. म्हणजे दात.

त्या रात्री तिनं माझ्याकडून एक कडक भाकरी नेली. एकटीनं खाल्ली. भिंतीतून कडाकडा आवाज येत होता. सकाळी म्हणाली, “चल.” दातांच्या डॉक्टरनं सहा काढले, उरलेले साफ केले. तिनं काढलेले दात मागून घेतले, कागदाच्या पुडीत घेऊन निरखून पाहिले आणि म्हणाली, “हे खरंच छाट होते.” मिश्रीही सोडा म्हणाला तो. मिश्री तिनं सोडली, असं ती सांगायची. तोंडाचा वास वेगळं सांगायचा.

जखमा भरल्या, रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक निघालं आणि सलाईन लागली. पाऊण तासात काम झालं. वर्षभराचं औषध पाऊण तासात, यावर तिचा विश्वास बसेना. पण दुसऱ्या दिवशी ताप आला आणि सगळं अंग ठेचून निघालं, तेव्हा बसला. असं होतं पहिल्यांदा, दोन दिवसांत उतरेल, हे पोरीनं आधीच सांगितलं होतं. बालामणी गोधडीतून म्हणाली, “औषध हाडात शिरतंय. मला आवाज येतोय.” मी म्हटलं, “तो माझ्या भाकऱ्या थापायचा आवाज हाय.”

तिसऱ्या दिवशी ती उठली. शनिवार होता. बघते तर देवावर टॉवेल आणि बाई भिंतीला टेकून ताठ.

“आता कशाला? गोळी बंद झाली की.”

“सवय लागली. बस तू. घड्याळ आण.”

कडक भाकरी मात्र सुटली. मग मी तिच्यासाठी ती आमटीत मोडून मऊ करून द्यायला लागले. तिनं ती खाल्ली आणि म्हणाली, “छाट.”

दोन सलाईनी झाल्या. तिसरीला थोडे दिवस उरले असताना ती पडली. मोरीतच, त्याच जागी, खुब्यावर. धप्प आवाज मी भिंतीतून ऐकला आणि हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. ती कुशीवर पडली होती, डोळे उघडे, श्वास धरून ठेवलेला.

“चादर आणू नको,” एवढंच म्हणाली.

मी चादर आणली नाही. तिथंच ओल्यात तिच्याजवळ बसले. थोड्या वेळानं तिनं एक पाय हलवला. मग दुसरा. दुखत होतं, पण हलत होतं. भिंतीला धरून उभी राहिली. रिक्षानं दवाखान्यात गेलो, फोटो काढला. डॉक्टरबाईनं फोटो उजेडात धरला, वर-खाली बघितला आणि म्हणाली, “मुका मार आहे. हाड शाबूत आहे.”

बालामणीनं फोटो मागून घेतला. स्वतः उजेडात धरला. काही कळत नव्हतं तिला, मलाही नव्हतं, एक पांढरं हाड काळ्यात. पण ती बराच वेळ बघत होती, जसा चेकर बघायचा तसा. आणि फेकला नाही.

येताना मला म्हणाली, “सिनूला सांगायचं न्हाय.”

पण चाळीत धप्प आवाज फक्त मी ऐकला नव्हता. कुणीतरी फोन केला. रविवारी सिनू हजर, सोबत मोठी बॅग, आईचे कपडे भरायला. दारातच मला गाठलं. “मावशी, तुमी खोटं बोलत न्हाय. आई पडली का?”

मी खोटं बोलत नाही, ही माझी ख्याती. त्याचा कुणाला फायदा झाल्याचं मला आठवत नाही. मी तोंड उघडलं, आणि आतून बालामणी बोलली.

“तिला काय विचारतोस? खोटं बोलायला पुढची शाळा लागती. ती चौथीनंतर सुटली. पडले. हे बग.”

तिनं फोटो दाराच्या उजेडात धरला. सिनूनं बघितला. तो मागावरचा माणूस, त्याला धागा तुटलेला कळतो, हाड काय कळणार. पण तुटलेलं काही दिसत नव्हतं.

“पण पडलीस ना आई. ठरलं होतं आपलं.”

“पडायचं कुणाला चुकलंय? लिंगव्वा पडली म्हणून गेली न्हाय. मोडली म्हणून गेली. मी मोडले न्हाय.” मग तेलुगूत बरंच काही म्हणाली. मला कळलेला शब्द एकच होता, लेदू. म्हणजे नाही. तो बऱ्याच वेळा आला. शेवटी मराठीत आली. “मोडकी म्हणून नेऊ नको. तुमाला मी लागले तर बोलाव.”

सिनूनं रिकामी बॅग घेऊन परतीची गाडी धरली. जाताना मला म्हणाला, “लक्ष ठेवा मावशी.” या वेळी मला धरलं.

तिसरी सलाईन झाली. आता थोडे दिवस औषध थांबवून बघू, पोरगी म्हणाली. बालामणीनं विड्या थांबवल्या नव्हत्या, पण आता भिंतीला टेकून वळायची. सूप मांडीऐवजी पाटावर आलं. चेकर म्हणाला म्हणे, आजी उंच झालात. तसं काही नसतं, दबलेला मणका परत फुगत नाही. खुंटीपर्यंत तिचा हात पोचला नाही तो नाहीच. पण चेकरनं चांगलं म्हटलं हेच नवल होतं. ती दोन दिवस तेवढंच सांगत होती.

मग या उन्हाळ्यात सिनूचा फोन आला. सुनेचं पोटाचं ऑपरेशन होतं. फोनवर तो म्हणाला, “आई, येशील का? हितं कुणी न्हाय.”

बालामणीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, “ऐकलंस? ‘येशील का’ म्हणाला.”

मला सगळं ऐकू येतं, भिंत तशीच आहे. मी म्हटलं, “मग?”

“मग काय. त्यांना मी लागले.”

खोली बंद केली. सूप माझ्याकडं ठेवलं. व्यंकटेश्वर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला. न्यायला कुणाला तरी पाठवतो, असं सिनू म्हणाला तर त्याला कुणी नको म्हणून सांगितलं. स्टँडवर सोडायला मी गेले, कारण तिच्या दृष्टीनं मी त्या ‘कुणी’त येत नव्हते.

एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते, ते माणूस साठीनंतर बघतो. माझा जीव त्या पायरीवर. कंडक्टर खाली वाकला, “आजी, हात द्या.” ती म्हणाली, “सरक बाजूला.” वाकड्या मनगटाच्या हातानं दांडा धरला, एक पाय ठेवला, थांबली, दुसरा उचलला. मागं रांग लागली होती, कुणीतरी चला चला म्हणत होतं. तिनं ऐकलं नाही. तिसऱ्या पायरीवर गेल्यावर मी श्वास सोडला.

खिडकीजवळ बसली. काच सरकवली. मी खाली उभी होते.

“पोचलीस की फोन कर,” मी म्हटलं.

“कौसल्ये.”

मी समजले, काहीतरी गळ्यात पडणार.

“शनवारी आता तू बस. तुझा कागद पिठाच्या डब्याखाली हाय. मला ठावं हाय.”

बस सुरू झाली. मी तिला विचारणार होते, माझ्या पिठाच्या डब्याखाली तू कधी बघितलंस. पण ती पुढं बघत होती. बस खड्ड्यातून वळली, बाकीची माणसं मागं-पुढं झाली, आणि ती तशीच, पाठ सीटला न टेकता, ताठ.